कांचनला माहीत असलेली वाट

"बाई, आपण हरवलो का?" रेवतीनं विचारलं आणि मी खरं ते सांगून टाकलं.

"हो," मी म्हणाले.

तोवर मुलं तशी शांत होती. दात वाजत होते, नाकं गळत होती, पण बाई पुढं चालतायत त्या अर्थी बाईंना वाट माहीत असणार, या समजुतीवर नऊ मुलं निमूट रांगेत येत होती. माझ्या 'हो'नंतर मिनिटभरात त्यातली पाच रडायला लागली. उरलेली चार त्यांच्याकडे बघत राहिली. मी त्यात आणखी भर घातली, "आपण कुठं आहोत ते आहेर सरांनाही माहीत नाही आणि मलाही नाही." हेही शंभर टक्के खरं होतं. मग उरलेल्या चारांतली तिघं रडायला लागली.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. मी सिन्नरच्या एका शाळेत सहावीला मराठी शिकवायची, आणि त्याच वर्षी सुरू झालेला मूल्यशिक्षणाचा तासही माझ्याकडेच आला होता. तो माझ्याकडे का, असं कुणी विचारलं नाही. देशमाने बाई खोटं बोलत नाहीत, हे शाळेत घंटेइतकं ठाऊक होतं. मला त्याचा अभिमान होता. सहलीबरोबर एक बाई हवी म्हणून मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा एकीचे गुडघे दुखत होते, दुसरीच्या घरी पाहुणे यायचे होते, तिसरीला उंचावर चक्कर येत होती. माझे गुडघे ठणठणीत होते, आणि मी तसं सांगितलं.

सहल म्हणजे दरवर्षीसारखी बसमधून देवदर्शनाची नव्हे. पी.टी.च्या आहेर सरांना त्या वर्षी गिरिभ्रमणाचं वेड लागलं होतं. "मुलांना गारठा कळू दे, काटक होऊ देत," असं म्हणत त्यांनी अकोले तालुक्यातल्या डोंगररांगेतला घोडीचा डोंगर निवडला. आदल्या आठवड्यात थंडीची लाट आली होती. नळाचं पाणी बोटं कापत होतं. निम्म्या पालकांनी नावं काढून घेतली आणि दहा मुलं उरली. माझ्या अंगात साडीवर यजमानांचा स्वेटर, पायांत त्यांचेच पायमोजे आणि वर कॅनव्हासचे बूट. डोंगर म्हणून मी त्याआधी फक्त वणीच्या गडाच्या पायऱ्या चढले होते.

पायथ्याच्या वाडीत सोमा भांगरे नावाचा वाटाड्या होता, साठीच्या पुढचा. त्यानं निघतानाच आभाळाकडं बघून मान हलवली होती.

"सर, वारं फिरलंय. दुपारच्याला डोंगर टोपी घालंल."

"जानेवारीत कसलं आभाळ, बाबा?" आहेर सर हसले. "चला, चला. पाय उचला!"

वरच्या पठाराला लागून एक खडकाचा टप्पा आहे. तो चढून गेल्यावर नितीन नावाच्या मुलाचा पाय दगडांत अडकून मुरगळला, आणि बघता बघता घोट्यावर लिंबाएवढी सूज आली. त्याला टप्प्यावरून खाली उतरवायला दोन माणसं लागणार होती. सर आणि सोमाबाबा दोघंही निघाले.

"बाई, इथंच थांबा," सर म्हणाले. "काही झालं तरी हलायचं नाही. तासाभरात आलोच."

"नाही हलणार," मी म्हणाले.

आणि खरंच, मी पाऊण तास हलले नाही. मग डोंगरानं टोपी घातली. आभाळ खाली आलं असं म्हणतात ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. समोरचा सुळका गेला, मग झुडपं गेली, मग रांगेतलं शेवटचं पोर दिसेनासं झालं. त्या धुक्यातून असा वारा यायला लागला की स्वेटर घातलाय की नाही ते हातानं चाचपून बघावं लागत होतं. उघड्यावर उभं राहून मुलं गोठतील, खाली उतरलेलं बरं, असं माझ्या मनानं घेतलं. वाट तर आत्ताच चढून आलो होतो, ती कुठं जाणार? मी मुलांना म्हटलं, "चला." पंधराव्या मिनिटाला पायाखाली वाट नव्हती, नुसतं धुक्यानं ओलं झालेलं वाळकं गवत होतं. तेव्हा रेवतीनं तो प्रश्न विचारला.

आठ मुलं रडत होती. नववी कांचन सानप.

कांचनबद्दल आधी सांगायला हवं. अकरा वर्षांची, काटकुळी, दोन वेण्या आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. ती थापा मारायची. साध्यासुध्या नव्हेत, साग्रसंगीत. तिच्या घरी मोर पाळलेला होता. तिच्या आजोबांनी वाघाला काठीनं हाकललं होतं. तिचे वडील सैन्यात होते आणि सियाचिनच्या बर्फात पहारा द्यायचे, तिथं म्हणे चहा कपात ओतेपर्यंत गोठायचा आणि मग तो चघळून खायचा. ऑफ तास असला की निम्मा वर्ग तिच्या बाकाभोवती. दाखल्यावर तिच्या वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात 'नोकरी, खाजगी' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं होतं. डोंगरावर जायच्या दोनच आठवडे आधी मूल्यशिक्षणाच्या तासाला मी तिला उभं केलं आणि वर्गासमोर वदवून घेतलं, "माझे वडील सैन्यात नाहीत." ती तीन वेळा म्हणाली. तिसऱ्या वेळी आवाज फुटेना, तरी मी म्हणायला लावलं. वर्गाला सांगितलं, "थापाड्या माणसावर कुणी विश्वास ठेवू नये. तो खरं बोलला तरी."

तीच कांचन धुक्यातून पुढं आली. तिनं डोक्याचा मफलर सोडून रेवतीच्या कानांना गुंडाळला आणि अगदी सहज म्हणाली, "कशाला रडताय? मी आलेय इथं. बाबांबरोबर."

"कांचन—" मी म्हणाले.

"पुढं पाण्याचं टाकं आहे, बाई. मग एक गुहा. गुहेत चूल पण आहे, दगडांची. बाबांनी मांडलेली."

रडं थांबलं. एकदम सगळं नाही, पण हुंदके आवरून आठ तोंडं तिच्याकडं वळली. इंद्रजित गडाख वर्गाचा मॉनिटर होता आणि रडल्याची त्याला लाज वाटत होती. त्यानं नाक बाहीला पुसून विचारलं, "खरं?"

"आईशप्पथ."

इंद्रजितनं माझ्याकडं पाहिलं. "बाई, ही खरंच आलीय का इथं? ही थापाडी आहे. तुम्हीच म्हणाला होतात."

मी म्हणालेच होते. वारा कानांत शिट्या घालत होता. रेवती मटकन खाली गवतात बसली होती आणि तिचे ओठ जांभळाच्या सालीसारखे दिसत होते. सगळी माझ्याकडं बघत होती. कांचनही.

"आलीय ती," मी म्हणाले. "तिचे वडील दिवाळीत रजेवर आले होते ना, तेव्हा भेटले होते मला. त्यांनीच सांगितलं."

इतकी वर्षं न वापरलेली वस्तू इतकी धारदार निघेल असं मला वाटलं नव्हतं. दिवाळी कुठून आली, रजा कुठून आली, देव जाणे. कांचनच्या भुवया किंचित वर गेल्या. मग ती वळली आणि हुकूम सोडायला लागली.

"रेवती, ऊठ. खाली बसायचं नाही. जमीन अंगातली ऊब शोषून घेते."

"झोप येतेय," रेवती म्हणाली.

"तेच तर. बाबा म्हणतात, थंडीत झोप गोड लागते आणि माणूस तिथंच फसतो. बाई, हिला उठवा."

मी उठवलं.

"भाकरीचे कागद काढा सगळ्यांनी. वर्तमानपत्राचे. चुरगाळायचे आणि बनियन आणि स्वेटरच्या मध्ये घालायचे. पुढं, मागं. मागं बाईंकडून घालून घ्या. हाताच्या मुठी काखेत. कुणी हात चोळायचे नाहीत, फुंकर मारायची नाही, फुंकरीनं हात ओले होतात. ज्याचा पायमोजा ओला, त्यानं काढून इथं पोटाशी ठेवायचा आणि डब्याचं फडकं पायाला गुंडाळायचं."

हे ती कुठून आणते आहे, याचा विचार करायला मला वेळ नव्हता. मी एकेका मुलाच्या पाठीत वर्तमानपत्र कोंबत होते. कागद आत गेला की पोरं शहारायची आणि जरा वेळानं त्यांचे खांदे खाली यायचे. शेवटी कांचननं माझ्याकडं एक कागद दिला. "तुम्ही पण, बाई." मी तिच्याकडं पाठ केली. माझ्या विद्यार्थिनीनं माझ्या पाठीत तेल लागलेली, ठेच्याचा वास येणारी एक पुरवणी खोचली.

रेवतीला मी पाठुंगळी घेतलं. निघताना मी माझ्या मनानं सरळ पुढं पाऊल टाकलं, ज्या दिशेनं आम्ही आतापर्यंत चाललो होतो त्याच दिशेनं. कांचन म्हणाली, "तिकडं नाही. इकडं." आणि ती डावीकडं वळली.

मी मान खाली घालून चालत राहिले. ती पुढं, मध्ये सात मुलं एकमेकांचं दप्तर धरून, शेवटी मी आणि माझ्या पाठीवर रेवती. कांचनची मान सारखी जमिनीकडं होती. मधूनच ती थांबायची, दोन पावलं मागं यायची, पुन्हा निघायची आणि तोंडानं टाक्याचं आणि गुहेचं वर्णन चालू ठेवायची. गुहेत म्हणे वडिलांनी कोळशानं त्यांचं नाव लिहिलं होतं. गुहेत एक जुनं घोंगडं होतं. गुहेत एकदा मुंगूस आलं होतं. मुलं विचारत होती, "मुंगूस चावलं का?" आणि ती सांगत होती, "नाही, त्याला शेंगदाणे दिले." रेवती माझ्या कानाशी पुटपुटली, "मुंगूस शेंगदाणे खातं?" मी म्हणाले, "खातं. भाजलेले आवडतात." त्या दिवशी मी काय वाटेल ते बोलत सुटले होते. ती झोपू नये एवढंच मला हवं होतं.

अर्धा तास झाला असेल, नाहीतर पाऊण. घड्याळ बघायला हात काखेतून काढावा लागला असता. एकदा तर शेवटच्या दोघी पोरी थांबल्याच. "आता नाही होत," म्हणाल्या. कांचन मागं पळत आली आणि म्हणाली, "हा दगड ओळखला मी! इथंच बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. आलंच आता." तो दगड हजार दगडांसारखा दगड होता. पोरी चालायला लागल्या.

मग गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. आधी मला वाटलं कान वाजतायत. मग धूर. मग धुक्यातून एक कुडाचं खोपट पुढं आलं, शेजारी गुरांचा गोठा आणि दारात एक म्हातारी, कपाळावर हात धरून आमच्याकडं बघणारी.

"अगं बया! लेकरं निळी पडली की! कुठनं आली म्हणायची ही?"

तिचं नाव हौसाबाई. गुरं चारायला ती आणि तिचा नवरा हिवाळाभर पठारावर राहायचे. तिनं एकेकाला दंडाला धरून आत ओढलं, चुलीत लाकडं सरकवली, गुळाचा कोरा चहा ठेवला. दोन कप होते, ते फिरत राहिले. इंद्रजितनं घोट घेऊन आजूबाजूला पाहिलं.

"कांचन, गुहा कुठाय?"

"पलीकडं," ती म्हणाली. "ही जागा जवळ पडली."

त्याचं समाधान झालं. गरम चहा पोटात गेला की माणूस फार खोलात जात नाही.

मी रेवतीचे पाय मांडीवर घेऊन बसले होते. हौसाबाईंनी विचारलं, "मंग आली कोणच्या अंगानं तुम्ही?" मी हातानं खूण केली. टप्प्यापासून कसं निघालो, कुठं थांबलो, कुठं वळलो. म्हातारीचा लाकूड सरकवणारा हात थांबला.

"वळला म्हून वाचला, बाई. म्होरं कडा हाय. पन्नास पावलं बी न्हाय. गेल्या साली दोन गाई गेल्या तिथनं. धुक्यात त्यास्नी बी कळलं न्हाय."

ते मुलांनी ऐकलं नाही. मी ऐकलं.

चारच्या सुमाराला धुकं विरलं आणि हौसाबाईंचा नवरा आम्हाला वाडीत घेऊन आला. आहेर सर पंधरा गावकऱ्यांबरोबर आम्हाला शोधत पठार पालथं घालत होते, ते वाटेतच भेटले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मुलांची डोकी मोजून झाल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "हलू नका म्हटलं होतं, बाई."

सोमवारी मुख्याध्यापक वाघचौरे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आहेर सर आधीच बसले होते. दोन पालकांनी तक्रार केली होती. कुणाच्या तरी ओळखीचा एक पत्रकारही विचारपूस करून गेला होता.

"बाई, सरांनी थांबायला सांगितलं होतं, हे खरं?"

"हो."

"मग तुम्ही मुलांना घेऊन निघालात कशाला?"

उत्तर सोपं होतं. थंडीनं घाबरले आणि वाट सापडेल असं वाटलं. ते तोंडाशी आलंही होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं पन्नास पावलं आली. नऊ मुलांचे आईबाप आले. अठरा वर्षांच्या नोकरीचं सेवापुस्तक आलं, त्यावर एकही शेरा नव्हता.

"कांचन सानपला वाट माहीत होती, सर," मी म्हणाले. "ती पूर्वी गेली होती तिथं, वडिलांबरोबर. ती म्हणाली जवळ आसरा आहे. मुलं गारठली होती, म्हणून मी निर्णय घेतला."

मुख्याध्यापकांनी आहेर सरांकडं पाहिलं. आहेर सर खुर्चीत जरा मागं टेकले. देशमाने बाई सांगतायत म्हटल्यावर बोलायला काही उरलं नव्हतं.

"असं लेखी द्या," वाघचौरे सर म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. मी तिथंच बसून दीड पान लिहून दिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

पुढचा आठवडा सगळं सुरळीत होतं. पालक निवळले. पत्रकारानं छोटी बातमी दिली, 'चिमुरडीच्या प्रसंगावधानाने आठ मुले बचावली.' मग सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर कांचनचा सत्कार करायचं ठरलं.

त्या सकाळीही थंडी मी म्हणत होती. मैदानावर सातशे मुलं, पुढं खुर्च्यांवर पालक, गावातली दोन मोठी माणसं. कांचनचे वडील आले नव्हते, द्राक्षांचा हंगाम होता आणि त्यांना सुटी मिळाली नव्हती, हे मला नंतर कळलं. तिची आई मागं शालीत तोंड झाकून उभी होती. वाघचौरे सरांनी भाषण केलं, श्रीफळ दिलं, शब्दकोश दिला. टाळ्या झाल्या. मग ते माइक तिच्या उंचीला खाली करत म्हणाले, "कांचन, दोन शब्द सांग बाळ. कशी आठवली तुला ती वाट?"

ती माइककडं बघत राहिली. तिनं नवी रिबीन बांधली होती. कांचन सानपला दोन शब्द सुचत नाहीत, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"सर, मला वाट माहीत नव्हती," ती म्हणाली.

तिनं श्रीफळ छातीशी धरलं.

"मी तिथं कधीच गेले नव्हते. मी खोटं बोलले. सगळे रडत होते म्हणून. मला शेण दिसलं, गाईचं. वाळलेलं. मग ओलं दिसलं. ओलं शेण आहे म्हणजे गाय आहे, आणि गाय आहे म्हणजे माणूस असणार, म्हणून मी शेण बघत बघत गेले. गुहा नव्हतीच. आणि माझे बाबा सैन्यात नाहीत. ते दिंडोरीकडं कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहेत. द्राक्षांच्या. तिथं आत खूप थंडी असते. थंडीत कसं राहायचं ते त्यांनी सांगितलेलं, ते मात्र खरं होतं." तिनं श्वास घेतला. "मी आता खोटं बोलणार नाही. बाई म्हणतात ते बरोबर आहे."

एवढं धडधडीत, सरळ आणि पुरं सत्य मी त्याआधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

सहावीच्या रांगेतून इंद्रजितचा आवाज आला, "सर, थापा मारतेय! तिला माहीत होती वाट! बाईंनीच सांगितलं आम्हाला!"

"हो सर! तिचे वडील बाईंना दिवाळीत भेटले होते!" दुसरा कुणीतरी ओरडला. हशा पिकला. शेणाचा उल्लेख तर पाचवीच्या रांगांना फारच आवडला होता. वाघचौरे सरांनी हात वर करून गप्प केलं आणि वळून माझ्याकडं पाहिलं. शेजारी आहेर सर होते. तेही बघत होते. पुढच्या रांगेत रेवतीचे आईवडील होते.

"देशमाने बाई? काय आहे हे?"

मी उठले. माइकपाशी गेले. कांचन माझ्याकडं मान वर करून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. बाई आल्या, आता बाई सांगतील, असा तो चेहरा होता.

"सर," मी म्हणाले, "ती लाजतेय. एवढं कौतुक सोसत नाही तिला. मोठेपणा आपल्याकडं घ्यायचा नाही, अशी पोर आहे ती."

मग वाघचौरे सरांचा चेहरा उजळला. "बघा! बघा मुलांनो!" ते म्हणाले. "याला म्हणतात विनय!" आणि श्रीफळाच्या वेळी झाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या झाल्या. पालकही उभे राहिले. मी कांचनच्या पाठीवर हात ठेवला होता. तिची पाठ हलत नव्हती. लाकडाला हात लावावा तशी लागत होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ती शिक्षकखोलीच्या दारात आली. खोलीत मी एकटीच होते.

"बाई, मी खरं बोलले होते."

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

"मग?"

मी समोरची वह्यांची चळत सरळ केली. ती सरळच होती. बाहेर घंटा झाली.

"तास सुरू झाला. वर्गात जा."

ती गेली.

त्यानंतर कांचननं कधी थाप मारली नाही. मी वर्षभर ज्याच्या मागं लागले होते ते झालं. ऑफ तासाला मुलं तिच्या बाकाशी जायची, "सांग ना गं, वाघाची सांग." ती म्हणायची, "मला नाही येत." मुलं हळूहळू जायची थांबली. तोंडी परीक्षेत विचारलं तेवढंच उत्तर द्यायची, बरोबर आणि थोडक्यात. मूल्यशिक्षणात मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. माझं वागणं सुधारलं असं मी म्हणणार नाही. मी तेरा वर्षांनी निवृत्त झाले तोवर माझ्या सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता.

एक मेला निकालाच्या दिवशी तिचे वडील आले. जाडजूड, मिशीवाला, फार हळू बोलणारा माणूस. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या आणि त्यांत काळं भरलं होतं. मे महिन्याच्या उकाड्यातही त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. प्रगतिपुस्तक घेतलं, वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. पण जायला उठेनात.

"बाई, विचारायचं होतं जरा."

"विचारा ना."

"पोर घरात बोलतच नाही हो आमची. पहिलं मी कामावरनं आलो की हिची टकळी सुरू. काय काय सांगायची. मोर काय, वाघ काय. आम्हाला समजायचं, खोटंय सगळं. पण थंडीतनं घरी आल्यावर बरं वाटायचं ऐकायला." ते ओशाळून हसले. "आता जेवते, अभ्यास करते, झोपते. ह्या जानेवारीपासनं हे असं. तिला विचारलं तर म्हणते, काही नाही. शाळेत काही झालं का, बाई? तुम्हाला माहीत असंल."

कांचन दाराबाहेर व्हरांड्यात उभी होती. पाठमोरी, खांबाला टेकून. तिला सगळं ऐकू जात होतं.

"शाळेत काही नाही झालं," मी म्हणाले. "मोठी होतेय ती. मुली मोठ्या व्हायला लागल्या की अशाच शांत होतात."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावरची काळजी उतरत गेली ती मला स्पष्ट दिसली. दोन्ही हात जोडून ते म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असंल, बाई," आणि बाहेर जाऊन त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.